चि. आशिषला, बाप्तिस्म्याच्या आधी

नगर, रविवार रात्री

चि. आशिष यास,
पप्पांचा सलाम आणि आशीर्वाद.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग मम्मीचं बीपी चढतं, म्हणून लिहितोय. पुढच्या महिन्यात पिंपरीच्या तुमच्या पेंटेकॉस्टल मंडळीत तू पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेणार आहेस. लहानपणी आपल्या चर्चमध्ये झाला तो बाप्तिस्माच नव्हता, असंही म्हणालास. त्यावर वाद घालायचा नाही असं ठरवून मी लिहायला बसलोय. मला एवढंच विचारायचं आहे, की त्यानंतर तू आमच्याबरोबर प्रभुभोजनाला बसशील ना?

कारण ईस्टरला प्रभुभोजनाचं ताट तुझ्यापर्यंत आलं आणि भाकर न घेता तू ते पुढे दिलंस. मम्मीनं पाहिलं. घरी आल्यावर ती काही बोलली नाही, जेवलीही नाही नीट.

पण आधी जे चांगलं आहे ते लिहितो. मधली कितीतरी वर्षं तू फक्त नाताळला चर्चमध्ये दिसायचास. या मंडळीत जायला लागल्यापासून तू सुधारलास, शास्त्र वाचतोस, रागावर ताबा आलाय. मम्मीच्या ऑपरेशनच्या रात्री तू दवाखान्याच्या फरशीवर गुडघे टेकून प्रार्थना करत होतास, आणि शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीच्या मुलानं तुला बोलावून नेलं, “आमच्या आईसाठीपण करा” म्हणून. मी बाहेर पॅसेजमध्ये उभा होतो. बाप म्हणून इतका अभिमान मला तुझ्या इंजिनिअरिंगच्या निकालाला वाटला नव्हता. तुमच्या पाळकांचे माझ्यावर उपकार आहेत, त्यांना सांग. तेव्हा पप्पांना पेंटेकॉस्टल लोकांचा राग आहे असं मनात आणू नकोस. राग नाही, घोर लागलाय.

तू बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांमधल्या फिलिप्प आणि कूशी षंढाचा दाखला दिलास: आधी विश्वास, मग पाणी. बरोबर आहे. पण त्याच प्रेषितांच्या कृत्यांत, सोळाव्या अध्यायात, फिलिप्पैच्या तुरुंगाच्या नायकाचा त्याच्या घरच्या सर्वांसह त्याच रात्री बाप्तिस्मा झाला. त्या घरात एखादं तान्हं नव्हतंच, हे कोण सांगणार? बघ, घालायचा नाही म्हणता म्हणता वाद घातलाच. सोडून दे.

तुझ्या आजीबद्दल मी तुला नीट कधी सांगितलं नाही. आजी एसपीजीची, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या मिशनची, आजोबा अमेरिकन मिशनचे. अमेरिकन मिशन नगरला आलं 1831 साली, एसपीजी त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. आमच्या क्षेत्रात तुम्ही का शिरलात, यावरून दोन्हींत चांगलीच जुंपली होती. साहेब लोक निघून गेले, तेढ आपल्या लोकांत राहिली. एसपीजीत बिशपांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय प्रभुभोजन नाही, आणि आजोबांकडे बिशप हा प्रकारच नव्हता. त्यामुळे लग्नानंतर आजी रविवारी आजोबांबरोबर उपासनेला यायची, पण प्रभुभोजनासाठी आपल्या जुन्या चर्चला एकटी जायची. एकाच घरातले नवरा-बायको, शास्त्र एक, गीतं एक, आणि भाकर घ्यायला दोन दिशांना तोंडं.

मग 29 नोव्हेंबर 1970 चा रविवार आला. नागपूरला ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आजोबा गेले होते. आजीचे अँग्लिकन, आपलं म्हणजे अमेरिकन मिशनवाल्यांचं युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, अशा सहा मंडळ्या एक झाल्या. बोलणी 1929 पासून चालली होती. अमेरिकन मेथॉडिस्ट ऐन वेळी मागे सरले, त्याचं आजोबांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं. सगळं गोड झालं असंही नाही. पुढे ब्रेदरनच्या मिळकतींचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि आपल्या लोकांची कोर्टबाजी तू पाहतोच आहेस. त्यावर तू फोनवर जे बोललास त्यातलं काहीही मी खोडणार नाही.

पण त्या एकीत बाप्टिस्टही होते हे लक्षात घे. ते तुझ्यासारखंच मानणारे. म्हणून नव्या चर्चच्या घटनेत दोन्ही रीती ठेवल्या: कुणी बाळाचा बाप्तिस्मा करावा, कुणी बाळाचं समर्पण करून मोठेपणी बाप्तिस्मा द्यावा. तुमचा खोटा, आमचा खरा, असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, हे पाळायचं ठरलं. इतकं सोसून लोक एका टेबलाशी आले.

त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मी आजीशेजारी होतो, नऊ वर्षांचा. आपल्याकडे बाकावर बसूनच घेतात. ताट आलं तशी आजी बाकाच्या फटीत, मिळेल त्या जागेत गुडघे टेकून बसली, उजवा तळहात डाव्यावर ठेवून, तिच्या चर्चच्या रीतीनं. मागचे लोक बघायला लागले. आजोबा काही बोलले नाहीत, तेही खाली टेकले. त्या दिवसानंतर ती एकटी कुठे गेली नाही.

आणि कमल आत्या. ती लग्न होऊन हरेगावच्या घरात गेली, रोमन कॅथलिक झाली. तिथल्या फादरांनी तिचा पुन्हा बाप्तिस्मा केला नाही, आपल्या चर्चचा दाखला मागवला आणि तोच मानला. रोमनांनी मानला, आशिष. आपल्यात आणि त्यांच्यात पोप, मरिया, मिस्सा एवढं सगळं असताना. 1982 साली पेरूतल्या लिमाला ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन, बाप्टिस्ट आणि रोमन पंडितही एकत्र बसले, तेव्हा बाप्तिस्मा पुन्हा करायचा नसतो, असंच त्यांनी लिहून ठेवलं. इतक्या फुटाफुटीतून एवढी एक गोष्ट शाबूत राहिली आहे. ‘एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा.’ आणि तीच तू माझ्या घरात...

शाळा घेतली पुन्हा. माफ कर. मास्तरकी रिटायर होऊन जात नाही.

आत्याच्या मातीला आपण हरेगावला गेलो होतो ते तुला आठवतं का? मिस्सा झाला, ख्रिस्तशरीर घ्यायला रांग लागली, आणि आत्याचा सख्खा भाऊ असून मी बाकावर बसून राहिलो. तू माझी बाही ओढून विचारलंस, “पप्पा, आपण नाही जायचं?” मला उत्तर देता आलं नाही. ते बसून राहणं किती जड असतं ते मला ठाऊक आहे. माझ्या मुलानं माझ्या शेजारी तसं बसावं, हे मला सोसणार नाही.

कवी नारायण वामन टिळकसुद्धा अमेरिकन मिशन सोडून गेले, असं तू म्हणालास. गेले, 1917 साली पगार सोडून गेले. पण त्यांनी साताऱ्याला देवाचा दरबार मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठी. त्यांनी दार मोठं केलं. तुझ्या मंडळीचं दार मम्मीसाठी केवढं आहे ते मला सांग. ती तिथे आली तर तिला भाकर देतील, की आधी पाण्यात उतर म्हणतील?

तू ठरवलं आहेस, तर मी आडवा येणार नाही. त्या दिवशी आम्ही दोघं पिंपरीला येऊ. मम्मीनं तुझ्यासाठी टॉवेल आणि कोरडे कपडे काढूनही ठेवलेत. मी मागे बसेन, पण येईन. माझं फक्त एवढं ऐक, त्याआधीच्या पहिल्या रविवारी नगरला ये. सोनलही बाळाला घेऊन येतेय. मम्मीच्या शेजारी बस, आणि ताट आलं की घे. मन तयार नसेल तर शनिवारपर्यंत मला फोन कर, मम्मीला नको. तिला मी आधी सांगून ठेवेन.

तुझे,
पप्पा