बसच्या अलीकडचे पाऊण किलोमीटर

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

मी साक्री तालुक्यातील पांझरेकाठच्या एका गावात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक असून माझे वय 76 आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य परिवहनच्या बसमध्ये तिकीट लागत नाही, आणि 65 ते 75 या वयात अर्धेच तिकीट लागते, याबद्दल प्रथम शासनाचे मनापासून आभार. माझे म्हणणे बसच्या अलीकडचे आहे.

माझ्या घरापासून थांबा पाऊण किलोमीटरवर आहे. वाटेत गटारीवरचे दोन ढापे फुटलेले आहेत, फरशीपुलाला कठडा नाही, आणि थांब्यावर सावली देणारा निंब रस्ता रुंद करताना गेला, तो परत कोणी लावला नाही. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो. अशा उन्हात बसायला साधा ओटाही नसलेल्या जागी तासभर काठी टेकून उभे राहणे माझ्या वयाच्या माणसाला झेपत नाही. परिणामी, फुकट प्रवासाचा हक्क हाती असूनही गेल्या वर्षभरात मी तो दोनदाच वापरला.

आमच्या शेजारच्या आक्कांचे उदाहरण देतो. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, सून-नातवंडे तिकडेच. या घरी एकट्या. श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये त्यांच्या बँक खात्यात जमा होतात. आयुष्यभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजल्यामुळे पैसे काढताना यंत्र त्यांचा अंगठा घेत नाही, दोन-तीन वेळा हात हलवत परत यावे लागले, आणि शेवटी त्यांनी ते काम पुतण्याकडे सोपवले. पैसे आता वेळेवर घरी येतात, पुतण्या प्रामाणिक आहे, तक्रार करण्यासारखे काहीच नाही. पण पूर्वी बँकेच्या निमित्ताने त्या तालुक्याच्या बाजाराला जात, तिथे त्यांची बहीण भेटे, भाजी स्वतः पारखून घेत, येताना चार बातम्या आणत. तेही सगळे बंद पडले. विचारले तर म्हणतात, “आते मनं बजारमा काय काम?”

निवृत्तिवेतनधारकांना चेहऱ्याच्या ओळखीवर हयातीचा दाखला देण्याची सोय झालेली आहे. तशीच सोय श्रावणबाळच्या लाभार्थ्यांना महिन्यातील एका ठरलेल्या दिवशी ग्रामपंचायतीत मिळावी, ही विनंती आहेच. मात्र सर्व काही घरपोच करण्याचा जो उत्साह अलीकडे दिसतो, त्याबाबत मी थोडा साशंक आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती सेवा हवीच. परंतु ज्याचे पाय चालतात त्याला सगळे उंबऱ्यावर आणून दिले, तर उंबरा ओलांडण्याचे कारणच उरत नाही. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय करणाऱ्या वृद्धाश्रमाचा विचार केलेला आहे, आणि ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. आमच्यासारख्या बहुतेकांना मात्र आपल्याच गल्लीत, आपल्याच पायांवर शेवटपर्यंत राहायचे आहे.

त्यासाठी लागणारा खर्च फार नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी 5 टक्के आणि महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. त्याच धर्तीवर ज्येष्ठांसाठी लहानसा का होईना, वाटा ठरवून दिला, तर ढापे, कठडे, ओटे आणि थांब्यावरची सावली ही कामे गावपातळीवरच उरकतील. हा विषय ग्रामविकास खात्याचा आहे, हे मी जाणतो. पण एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात पोहोचवणे आपल्यास जितके सोपे आहे, तितके मला नाही.

दुसरे असे की, ग्रामसभेपूर्वी जशी महिलांची वेगळी सभा होते, तशी ज्येष्ठांचीही व्हावी, आणि 1 मे रोजीची ग्रामसभा निदान सकाळी आठच्या आत सुरू करावी. भर उन्हात भरवलेल्या सभेला म्हातारी माणसे आली नाहीत, म्हणून त्यांना रस नाही असे समजू नये. पांझरेच्या फडांवर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सामाईक भिजणाऱ्या शेतांवर, पाण्याची पाळी कशी लावत, पाणी देणाऱ्या पाटकऱ्याचे आणि राखण करणाऱ्या जागल्याचे काम काय असे, हे सांगू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा आराखडा होताना त्यांना कोणी बोलावत नाही.

शाळेविषयी मी अधिकाराने बोलू शकतो. आमच्याकडे पहिलीत येणारे मूल घरी अहिराणी बोलते. त्याला ‘आंडोर’ कळतो, पण पुस्तकातला ‘मुलगा’ कळायला काही महिने जातात, आणि बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकांना तर दोन्हींचा मेळ घालताना घाम फुटतो. आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, गावातल्या आजीने वर्गात बसून अहिराणीत गोष्ट सांगावी आणि गुरुजींनी तीच मराठीत सांगावी, एवढे केले तरी पुष्कळ होईल. नोकरीत असताना मी हे माझ्या आईला बसवून केले होते, अर्थात कोणाची परवानगी न घेता. आज मुख्याध्यापक परवानगीशिवाय धजावत नाहीत, म्हणून शालेय शिक्षण विभागाचे तसे पत्र आपण मिळवून द्यावे. आक्का येतील. मी त्यांना विचारले आहे.

येत्या ग्रामसभेपूर्वी आपल्या विभागाकडून जिल्हा परिषदेस काही सूचना गेल्यास, ओटा, कठडा आणि निंबाचे रोप यांचा ठराव मी स्वतः मांडीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
ता. साक्री, जि. धुळे