मान अजून डावीकडेच वळते

संपादक महोदय,

मुलामुलींकडे अमेरिकेत राहून परतलेल्या माझ्या वयाच्या मंडळींची पत्रे आपल्या सदरात अधूनमधून येतात. तिकडे हॉर्न वाजत नाहीत, इकडे कचरा. तिकडे रांग लावतात, इकडे थुंकतात. मीही नुकतीच, ऐन दिवाळीच्या तोंडावर, न्यू जर्सीहून लेकीचे बाळंतपण उरकून पुण्यात परतले. माझी तक्रार थोडी वेगळी, रस्त्यावर पायी चालण्याविषयीची आहे.

खरे सांगायचे तर बरेचसे आपोआप मार्गी लागते. साडेनऊ तासांचा फरक, त्यामुळे पहाटे अडीचला टक्क जाग आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या देखत पेंग. पूर्वेकडे येताना झोप जास्त बिघडते, हे जावयांनी आधीच बजावले होते, म्हणून गोळ्याबिळ्या घेतल्या नाहीत. तांदळात पोरकिडे झाले होते, रव्याला जाळी धरली होती, गॅसचा रेग्युलेटर हलायला तयार नव्हता. कामाच्या मावशींनी आमची सकाळची वेळ दुसऱ्या घरी देऊन टाकली होती. त्यांनी तरी सहा महिने बिनपगारी का थांबावे? मैत्रिणींनी ‘काय म्हणतेय अमेरिका?’ असे विचारले आणि माझे दुसरे वाक्य पुरे होण्याआधी स्वतःच्या गुडघ्यांवर आल्या. पंधरवड्यात सगळे ताळ्यावर आले.

आली नाही ती माझी मान. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचे. आपल्याकडे आधी उजवीकडे. जाताना ही सवय लागायला मला वेळ लागला होता, आता ती सुटत नाही. टिळक रोडच्या कडेला उभी राहिले की मान डावीकडे जाते आणि बस उजवीकडून येते. त्यातून तिकडची दुसरी सवय म्हणजे पट्ट्यांवर पाय ठेवला की गाडी थांबणार हे गृहीत धरणे. न्यू जर्सीत 2010 पासून कायदाच तसा आहे. नुसता वेग कमी करून भागत नाही, माणूस पट्ट्यांवर आहे तोवर गाडी थांबवून ठेवावी लागते. मुलगी म्हणते, ‘आई, होईल सवय.’ बघण्याची दिशा बदलेन, पण पट्ट्यांवर गाडी थांबत नाही याची सवय करून घ्यायची माझी इच्छा नाही.

गैरसमज नको, अमेरिका काही चालणाऱ्यांचा स्वर्ग नव्हे. लेकीच्या वसाहतीतला सुरेख फुटपाथ फाटकापाशी येऊन एकदम संपायचा, पुढे नुसता गाड्यांचा रस्ता. दूध संपले तरी गाडी काढायची. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपली दुकाने आहेत, तिथे पायी फिरता येते, पण तिथवर कोणी तरी सोडायला हवे. सहा महिने मी पार्सलसारखी राहिले, कोणी उचलून नेईल तेव्हा निघायचे. म्हणून परतल्यावर सगळ्यात मोठे सुख कुठले वाटत होते, तर पायात चपला सरकवून, कोणालाही न विचारता मंडईत जाणे.

तर ऐका. आमच्या सदाशिव पेठेतल्या कोपऱ्यावर फुटपाथ चढावा तर तोंडालाच दोन मोटरसायकली. त्यांना वळसा घातला की विजेची डीपी, तिचे दार अर्धे उघडे. मग झाडाचा कट्टा, मग एका दुकानाची पायरी, जी दुकानाच्या आत असायला हवी ती बाहेर. पुढचे पेव्हर ब्लॉक सुटलेले. पाऊस पडून गेल्यावर पाय ठेवला की खालून पिचकारी साडीवर. परवा मागून हॉर्न वाजला. स्कूटीवर एक मुलगा, आणि आम्ही दोघेही फुटपाथवर! मी बाजूला झाले आणि त्याला ‘सॉरी’ म्हणाले. त्याने मान डोलावली.

आमचे हे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझा शिवणाचा टेप घेतला आणि मोजायला निघाले. रस्ते कसे बांधावेत याची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेप्रमाणे फुटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी आणि उंची 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा, जास्त नको. आमच्या कोपऱ्यावरची उंची फूटभर भरली. बदललेल्या गुडघ्याने फूटभर चढून बघावे, म्हणजे लोक रस्त्यावरून का चालतात ते कळते. आणि कृपा करून लगेच पथारीवाल्यांवर घसरू नका. भाजीवाली सरकून बसते, डीपी सरकत नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. 2017च्या वाहन चालवण्याच्या नियमांत पादचारी पट्ट्यांपाशी थांबून माणसाला वाट द्यावी असे लिहिलेले आहे. मोकळा फुटपाथ हा घटनेच्या कलम 21, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या कलमाखालचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितले. पुणे महापालिकेने तर 2016 मध्येच पादचारी धोरण मंजूर केले. जंगली महाराज रस्त्यावर ते कसे दिसते हेही आपण बघतो. तिथे मी खुशाल चालते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यांत 32,825 पायी चालणारी होती. ही सगळी काही अमेरिकेहून परतून चुकीच्या बाजूला बघणारी नव्हती.

दरवर्षी 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. गाड्या बंद, रांगोळ्या, गाणी. मला आवडतो, मी जातेही. पण 12 डिसेंबरला मला मेथी आणायची असते.

महापालिकेकडे मागणे मोठे नाही. टिळक रोड, कुमठेकर रस्ता आणि मंडईकडे जाणारे रस्ते एवढ्यांवरच्या फुटपाथांची मोकळी रुंदी आणि उंची मोजून ते आकडे जाहीर करावेत, आणि उंच कोपऱ्यांना उतार करून द्यावेत. शाळांजवळचे पुसलेले पट्टे पुन्हा मारावेत आणि पहिला महिनाभर तिथे वाहतूक पोलिसाने हेल्मेटऐवजी पट्ट्यांकडे बघावे. मोजायला माणसे कमी पडत असतील तर टेप आमच्याकडे आहे आणि ह्यांना सकाळी वेळ असतो.

आपली,
एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे