आवाहन : सिस्टरबाईंच्या सत्कारासाठी सढळ हाताने पुढे या

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरबाई मे महिनाअखेर सेवानिवृत्त होत आहेत. 12 मे हा आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन. त्याच संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात त्यांचा जाहीर सत्कार करायचे मंडळाने ठरवले आहे. त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. वाड्यावरच्या कितीतरी घरांत आई आणि लेक दोघींना पहिली लस त्यांनीच टोचली आहे.

2015 साली गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यात माकडताप (गोचीड चावून होणारा जीवघेणा ताप) आला ते दिवस आठवा. शेजारच्या कर्नाटकात हा रोग 1957 पासून ठाऊक होता, पण आपल्याला नाव कळले ते माणसे दगावू लागल्यावर. त्यात ऐन काजूचा हंगाम. वर्षाची कमाई झाडाखाली पडलेली असताना बागायतीत जाऊ नका म्हटले तर कोण ऐकणार? सिस्टरबाईंनी तसे सांगितलेच नाही. पहाटे बोंडू वेचायला निघालेल्या बायकांना त्या वाटेवरच गाठायच्या आणि गोचीड चिकटू नये म्हणून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तेल स्वतःच्या हाताने चोळायच्या. घरी आल्यावर आधी गरम पाण्याने आंघोळ, कपडे वेगळे, रानात माकड मेलेले दिसले तर हात न लावता कळवायचे, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की पोरांना पाठ झाले. लसीचा दुसरा डोस चुकवणाऱ्यांच्या दारात त्या संध्याकाळी हजर असत.

23 जुलै 2021 ला म्हादई नदीचे पाणी घरांत शिरले. चिखल उपसायला आपण उतरलो तेव्हा सिस्टरबाई आधीच येऊन पोचल्या होत्या. साडी खोचलेली, एका हातात क्लोरीनच्या गोळ्या, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गरोदर बायकांची यादी.

त्याच पुरावेळी मंडळाच्या हाकेला धावून आलेल्यांचे ऋण आम्ही विसरलेलो नाही. वाळपई बाजारातल्या दुकानदारांनी उधारीची वही न उघडता तांदूळ दिला. होंडा गावच्या कारखान्यांतल्या आपल्या मुलांनी पगार काढून दिला. मुंबईकर गावकऱ्यांनी चतुर्थीला येताना चादरी आणल्या. आपले निवृत्त गुरुजी तर पेन्शनचे पाकीट न फोडताच देऊन गेले. वाचनालयाचे छप्पर उभे राहिले तेही अशाच हातांवर.

म्हणूनच सांगताना वाईट वाटते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार 1973 पासून दिला जातो, उपकेंद्राच्या परिचारिकाही त्यास पात्र असतात. सिस्टरबाईंचे नाव पुढे पाठवावे म्हणून गेल्या वर्षी आम्ही गावाकडून लेखी अनुभव मागितले. सूचना महिनाभर फलकावर होती, एक कागद आला नाही. शिगम्याच्या वर्गणीला आणि नाटकाच्या तिकिटाला आपण कधी कमी पडत नाही. मग रात्री-अपरात्री जिचे दार ठोठावले, तिच्यासाठी चार ओळी लिहायला कुणालाच सवड मिळू नये?

या वेळी तसे होऊ देऊ नका. थैली स्वीकारणार नाही, असे सिस्टरबाईंनी निक्षून सांगितले आहे. ‘माझ्या जागी आपल्याच गावची मुलगी येऊ दे’ एवढेच त्यांचे म्हणणे. त्यामुळे मानपत्र, शाल-श्रीफळ आणि चहापाण्याचा खर्च वजा जाता उरलेली सर्व रक्कम नर्सिंग शिकू इच्छिणाऱ्या आपल्या भागातील गरजू मुलीच्या शिक्षणासाठी राहील.

देणगी खजिनदारांकडे रविवारी सकाळी 10 ते 12, वाचनालयात, पावती घ्यावीच. यूपीआयचा कोड तिथेच फलकावर आहे. मुदत 30 एप्रिल. अनुभव एका पानात, सही व वाड्याच्या नावासह, 25 एप्रिलपूर्वी. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावे, मंडळाची मुले घरी येऊन लिहून घेतील. स्वयंपाक, मंडप व ध्वनिक्षेपकासाठी माणसे हवीत, नावे सचिवांकडे. कार्यक्रम सायं. 5 वा.

आपला नम्र,
सचिव
(मंडळाच्या कार्यकारिणीच्या वतीने)