सिडकोतल्या स्टुडिओवाल्या भाऊंना, मंडळाच्या वतीने

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र चारचौघांत लिहितेय. आमच्या अभंगांचं रेकॉर्डिंग करताना तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते गावोगावच्या भजनी मंडळांना कळायला हवं, आणि घरातल्या एका खोलीत स्टुडिओ थाटून बसलेल्या पोरांनाही.

आमचं मंडळ नाशिकजवळच्या गिरणाऱ्याकडचं. माझे बाबा मंडळाचे बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, मी पेटीवर, बाकी सगळे शेतकरी. टोमॅटोचा हंगाम लागला की एकादशीलाही टाळकरी गोळा करताना नाकीनऊ येतात. बाबांकडे त्यांच्या गुरूंकडून आलेल्या चाली आहेत. त्या कुठे लिहिलेल्या नाहीत, नोटेशन नाही, जुनी कॅसेटही नाही. बाबांचा आवाज आहे तोवर त्या नीट उतरवून घ्याव्यात एवढीच इच्छा होती.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका ठिकाणी जाऊन आलो होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे आधी क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीची टिकटिक, लावली, त्यावर पेटी एकटी, मग पखवाज एकटा, शेवटी बाबांना काचेच्या खोलीत उभं करून कानाला हेडफोन. अभंग चार मिनिटांत बसवा म्हणाले. सिनेमाचं गाणं, जाहिरात, मालिकेचं शीर्षकगीत असंच थर चढवून बनतं आणि ते उत्तम बनतं. पण आमची चाल सुरुवातीला ठाय, म्हणजे संथ लयीत असते, मग टाळकरी उचलतात, बुवा एका नजरेने पखवाजाला खुणावतात आणि लय चढत जाते. ती किती चढणार हे त्या दिवशीच्या बैठकीवर असतं. टिकटिक त्या नजरेला जागाच ठेवत नाही. बाबा त्या दिवशी घरी येईपर्यंत बोलले नव्हते.

तुम्ही पहिलं काम केलंत ते ऐकायला येण्याचं. कसलंही यंत्र न घेता एकादशीला देवळात आलात, टाळकऱ्यांच्या मागे भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसलात. आणि निघताना बाबांना एकच विचारलंत, “बुवा, गाताना तुम्ही कोणाकडे बघता?” बाबा म्हणाले, पखवाजाकडे. तुमच्या खोलीतली सगळी बैठक या एका उत्तरावर मांडली गेली, हे मला रेकॉर्डिंगच्या दिवशी कळलं. बुवा आणि पखवाज समोरासमोर, मी बाबांच्या डाव्या हाताला, आणि टाळकरी पार लांब, बाबा ज्या माइकवर गात होते त्याच्या बरोबर पाठीमागे.

टाळ म्हणजे रेकॉर्डिंगवाल्याची खरी परीक्षा. आठ-दहा जोड्या एका खोलीत वाजल्या की त्यांची किणकिण प्रत्येक माइकमध्ये शिरते, आणि एकदा शिरली की बाहेर काढता येत नाही. तुम्ही मला माइक हातात देऊन समजावलंत की कार्डिऑइड माइक समोरचं सगळ्यात जास्त ऐकतो आणि थेट पाठीमागचं सगळ्यात कमी. म्हणून टाळांची जागा पाठीमागे. शिवाय सगळी बैठक एकत्र ऐकणारे दोन माइक वर टांगलेत, पखवाजाच्या दोन्ही तोंडांना एकेक जवळून. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे जवळच्या आणि लांबच्या माइकमध्ये तोच ठोका थोडा पुढेमागे येतो आणि एकत्र ऐकताना थाप पोकळ लागते. ते अंतर तुम्ही नंतर कॉम्प्युटरवर जुळवत होतात तेव्हा मी शेजारी बसले होते. तोच ‘धा’ आधी पत्र्यावर पडल्यासारखा होता, जुळल्यावर पोटात शिरला.

चहाच्या वेळी तुम्ही जुन्या काळचं सांगितलंत, ते मंडळात अजून निघतं. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या तेव्हा माइक नव्हताच, एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि तबकडीवर तीनेक मिनिटांत आटोपायचं. कोण मोठं ऐकू येणार हे कोण किती जवळ उभं आहे यावर ठरायचं. विजेवरचं रेकॉर्डिंग आलं ते 1925 पासून. “मी आज तेच करतोय बुवा, अंतरावर मिक्स करतोय,” असं तुम्ही म्हणालात. बाबांनी लगेच टाळकऱ्यांना आणखी हातभर मागे सरकवलं. तिथपासून बाबा तुमचे झाले.

अभंग कितीही लांबो, तुम्ही मिनिटं मोजली नाहीत. पैशांचं घड्याळही पहिला टेक सुरू झाल्यावरच लावलंत. पेटी उघडणं, पखवाज सुरात आणणं, म्हाताऱ्या माणसांनी पाणी पिऊन स्थिरावणं हे भाड्यात धरलं नाहीत. छोट्या स्टुडिओचं भाडं, हप्ते, विजेचं बिल कसं निघतं हे मला थोडंफार माहीत आहे. म्हणून याची किंमतही माहीत आहे.

आणि ती कणीक! रात्रीची वेळ, वरच्या मजल्यावरची बोअरची मोटर थांबायची वाट बघून आपण बसलो होतो. फ्रिज बंद, एसी बंद, इन्व्हर्टरची ती 50 हर्ट्झची गुणगुण शोधून काढून तोही बंद. बंद खोलीत उकडायला लागलं आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापलेली कणीक सुकत चालली. सुकली की थाप वर चढते, तिचा घुमारा जातो. आमचे पखवाजवाले मामा वाजवण्याच्या भरात होते. तुम्ही काचेपलीकडून ते ऐकलंत, अभंग पुरा होऊ दिलात आणि मग आतून वाटी घेऊन आलात. वहिनींनी कणीक आधीच भिजवून झाकून ठेवली होती. मामांनी ती थापली, बोटाने कडेने दाबत नेली, उजव्या तोंडाचा सूर लावायचे लाकडी गठ्ठे हातोडीने दोनदा ठोकले आणि पेटीच्या षड्जाशी लावून पाहिलं. तुम्ही तोवर त्यांच्या हाताकडे बघत उभे होतात. स्टुडिओत जाऊन आलेली पुष्कळ मंडळी महागड्या माइकचं कौतुक सांगतात. मी सगळ्यांना ही वाटी सांगते.

माझ्या पेटीच्या पट्ट्यांची खटखट तुम्ही फेल्टचे तुकडे घालून कमी केलीत, तेही इथे नोंदवून ठेवते.

बाबांचा आवाज आता वरच्या षड्जावर थोडा थरथरतो. माझ्या भावाने तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं होतं, ते सरळ करता येईल ना? येतं. सूर सरळ करणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर 1997 पासून बाजारात आहे, आणि आज ते सोय म्हणून सगळीकडे असतं. तुम्ही त्याला नाही म्हणाला नाहीत. एक ओळ दोन्ही तऱ्हांनी ऐकवलीत. सरळ केलेल्या ओळीत थरथर गेली होती आणि तिच्याबरोबर पंचमावरून सलग घसरत खाली येणारी मींडही पायऱ्या पडल्यासारखी झाली होती. भावानेच सांगितलं, राहू द्या. निर्णय त्याच्याकडून काढून घेतला नाहीत, त्याच्या कानांवर सोपवलात. माझ्या मते हीच तुमची खरी कारागिरी आहे, बटणं नंतर येतात.

मिक्स झाल्यावर तुम्ही हेडफोनवर, मोबाइलवर, गाडीत ऐकलंत. ते सगळेच करतात. पण तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन परत गावात आलात आणि देवळावरच्या कर्ण्यावर लावायला सांगितलंत, कारण आमच्याकडे भजन शेवटी तिथूनच ऐकलं जाणार. लावलं, आणि पखवाजाचा डावा हात गायब! कर्ण्यातून 300 हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही आणि पखवाजाचा घुमारा सगळा त्याच्या खाली. तुम्ही परत सिडकोत जाऊन घुमारा न वाढवता थापेची जी चामड्यावरची ‘टप’ असते, ती मधल्या पट्टीत थोडी वर काढलीत. आता कर्ण्यावर ठेका कळतो आणि चांगल्या स्पीकरवर काही बोचत नाही. कोणत्या पुस्तकात हे असेल?

आवाज चढवून ठेवण्याचा मोहही तुम्ही टाळलात. यूट्यूब, स्पॉटिफाय सगळ्यांचा आवाज उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा लागतो ते मोजायचं माप) आसपास आणून ठेवतात, त्यामुळे दाबून-ठासून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं. आमच्या अभंगाची सुरुवात हळू आहे, ती हळूच राहिली. म्हणून शेवटचा गजर येतो तेव्हा तो आल्यासारखा वाटतो.

आता ज्याबद्दल सगळं मंडळ तुमचं ऋणी आहे ते. काम झाल्यावर तुम्ही एक साधा कागद केलात: मूळ रेकॉर्डिंगची मालकी मंडळाची. अभंगांचे शब्द शतकांपूर्वीचे, ते सगळ्यांचे. पण आपल्या गायन-वादनावर कलाकार म्हणून आपला 50 वर्षं हक्क राहतो आणि ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीनंतर 60 वर्षं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक टाळकऱ्याचं पूर्ण नाव विचारून श्रेयनामावलीत घातलंत. प्रत्येक अभंगाला आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा क्रमांक घेतलात. आणि एका हार्ड डिस्कवर प्रत्येक माइकची मूळ 24 बिटची फाइल, फसलेल्या टेकसकट, आमच्या हवाली केलीत. फसलेल्या टेकमध्ये बाबा मध्येच थांबून चालीतली एक जागा मामांना उलगडून सांगतात. शिकणाऱ्या पोरासाठी मला तो टेक सगळ्यात मोलाचा वाटतो. तुम्ही तो पुसला असता तर आम्हाला पत्ताही लागला नसता.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम केला, त्या गावात संगीत शिकवायला माणसं कमी नाहीत. ते जपून ठेवणाऱ्यांची गरज आहे, आणि ते काम आज सिडकोतल्या एखाद्या खोलीत, आवाज शोषणाऱ्या गाद्या-रॉकवूल भिंतींना ठोकून, स्वतःच्या खिशातून चाललंय. ज्यांच्याकडे जुन्या चाली असतील त्यांनी अशा माणसाला गाठावं आणि त्याचे पैसे वेळेवर द्यावेत.

डिस्कची दुसरी प्रत माझ्या नणंदेकडे निफाडला ठेवली आहे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेगळ्या घरी. बायकांच्या गौळणी उतरवायचं मनात आहे. त्यांना रात्री येणं जमणार नाही, तेव्हा दुपारी ती बोअरची मोटर कोणत्या वेळी बंद असते ते तेवढं वरच्यांना विचारून ठेवा. पौषवारीला त्र्यंबकेश्वरला यायचं तुम्ही बाबांना कबूल केलंय. दिंडी पहाटे निघते, आदल्या रात्रीच मुक्कामाला या. वहिनींनाही आणा.

आपली,
पेटीवाली ताई