एफएमची जुनी ध्वनिमुद्रणे जपा

महोदय,

देशातले पहिले खासगी एफएम २००१ मध्ये बंगळुरूत सुरू झाले. तेव्हाचे परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढे. ते न झेपल्याने अनेकांनी माघार घेतली. २००५ च्या धोरणात वार्षिक शुल्क म्हणून महसुलातील ४ टक्के वाटा ठरला आणि औरंगाबाद, नांदेडलाही खासगी वाहिन्यांची दारे उघडली.

या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. म्हणून गावाचा खरा आवाज सापडतो तो गुलमंडी बाजारातल्या साडीदुकानाच्या दिवाळी जाहिरातीत, फोनवर ‘काय करायलाव?’ विचारणाऱ्या निवेदकात. हा ठेवा पुसला जाणे फार वाईट! वाहिन्यांनी जुनी ध्वनिमुद्रणे मराठवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावीत. जुन्या निवेदकांच्या मुलाखतीही आताच घ्याव्यात.

– एक श्रोता, छत्रपती संभाजीनगर