सव्वासहाला गेटपाशी थांबलेल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न.

समोर बोलायला आले की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र.

यंदा मे महिन्यात रक्तातल्या साखरेच्या तपासणीत माझा एचबीएवनसी ६.३ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला माहीत होतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालावं, जेवणानंतर थोडं फिरलं तर साखर एकदम चढत नाही, चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, हेही पाठ होतं. दादर ते चर्चगेट स्लो लोकलमध्ये रोज व्हिडिओ बघायचे आणि वहीत टिपणं काढायचे. दोन वह्या भरल्या. एक व्हिडिओ संपला की आज आपण काहीतरी केलं असं खरोखर वाटायचं. त्या समाधानानेच घात केला. दीड वर्ष मी चालण्याबद्दल ऐकत राहिले आणि चालले नाही.

त्या दिवशी लिफ्टमध्ये मी तुम्हाला कुठले बूट घ्यावेत ते विचारत होते. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "उद्या सव्वासहाला खाली ये. चपला घालून आलीस तरी चालेल."

मी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दूध घ्यायला दार उघडलं आणि सहज जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर तुम्ही गेटपाशी उभे, हातात घडी केलेली छत्री. वॉचमन नंतर म्हणाला, काका तिन्ही दिवस साडेसहापर्यंत थांबले होते. तुम्ही ना फोन केलात, ना काकूंकडून निरोप पाठवलात. चौथ्या दिवशी मी खाली आले तेव्हा "चल" एवढंच म्हणालात.

शिवाजी पार्कची एक फेरी किलोमीटरहून थोडीच जास्त. मला पहिल्याच दिवशी तीन मारायच्या होत्या. तुम्ही उद्यान गणेशापाशी थांबवलंत. "उद्या यायचंय ना?" ही एक गोष्ट माझ्या दोन्ही वह्यांत नव्हती.

मग तुमच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. काकूंच्या दुधाच्या खाड्यांशेजारी, सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली, दोऱ्याने बांधलेल्या लाल पेनाने माझी खूण. चालून आल्याशिवाय पेनाला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. जुलैत धो धो पाऊस लागला तेव्हा आपण बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये येरझाऱ्या घातल्या, आणि त्याचीही खूण तुम्ही मला करू दिलीत. तेव्हा मला किती धीर आला, ते कधी बोलले नाही.

सप्टेंबर अखेरीस पुन्हा तपासणी केली. ५.८. रक्तातली साखर लाल रक्तपेशींना चिकटते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. माझ्या वह्यांतलं काहीच त्या हिशेबात धरलं जात नाही. तुमच्या भिंतीवरच्या लाल खुणा धरल्या गेल्या.

काका, तुम्ही मला काही शिकवलं नाहीत. तुम्ही थांबलात. साठी उलटलेला माणूस, स्वतःचं चालणं पंधरा मिनिटं लांबवून, येईल की नाही याची खात्री नसलेल्या शेजारणीसाठी तीन दिवस थांबला. त्याबद्दल मनापासून आभार.

नव्या वर्षाचं कालनिर्णय मी आणलंय, सकाळी वर घेऊन येते. जुनं रद्दीत देऊ नका. ते मला हवंय.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची