येळवसला रानात जाताय ना, मग एवढं ऐकाच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

येळवस आठवड्यावर आलीय म्हणून घाईने हे पत्र लिहायला घेतलं, जमलं तर त्याच्या आधी छापा ही विनंती. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आधी दोन ओळी सांगते. आमच्या लातूर, धाराशिव भागात, सोलापूरच्या काही तालुक्यांत आणि सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गीकडेही मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावंच्या गावं रानात जातात, पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात आणि आमच्या तोंडात ती येळवस. लातूर जिल्ह्यात कलेक्टर साहेब त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. मागच्या वर्षी 30 डिसेंबरला सोमवारी आली होती, दुपारी मी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून गेले तर एरवी पाय ठेवायला जागा नसते तिथे संचारबंदी लागल्यासारखं, सगळे आपापल्या नाहीतर दुसऱ्याच्या शेतात.

करायचं काय असतं म्हणाल तर फार सोपं आहे. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपट, करायची, तिच्यात चुना लावलेले दगड मांडायचे, ते पाच पांडव, आणि घरून नेलेलं जेवण आधी त्यांच्यापुढे ठेवायचं. मग आंबील आणि भज्जी घेऊन पिकाच्या कडेने फिरत शिंपडायचं, त्याला चर शिंपणं म्हणतात, आणि ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ असं ओरडत सगळी लेकरं मागे पळतात. माझं माहेर घाटावरचं, लग्न होऊन आले तेव्हा हे पहिल्यांदा बघितलं आणि मला फार नवल वाटलं, कारण आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवून परत आपणच खातो, इथे तर खरंच जमिनीला जेवायला घालतात, घास मातीत पडतो आणि तिथेच राहतो.

भज्जीबद्दल लिहिलं नाही तर सासरचे रागावतील. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, वाटाणा, मेथी, हरभऱ्याची कोवळी पानं, कांद्याची पात, गाजर, बोरं, जे जे त्या दिवसात रानात असेल ते सगळं चिंचेच्या पाण्यात शिजवून वर हरभऱ्याचं पीठ लावायचं, सोबत बाजरीचे उंडे म्हणजे पिठाचे गोळे आणि मातीच्या भांड्यात रात्रभर ठेवलेली ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, लसूण-जिरं लावलेली. ही आंबील दुपारच्या उन्हात चिंचेखाली बसून प्यायली की झोपच येते. ती झोप घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याआधी करडईच्या रानात एक चक्कर मारा, बांधावरची पाथरीची पालेभाजी तोडून भाकरीसोबत कच्ची खा, हरभऱ्याचे ढाळे उपटून जाळावर भाजा, हात काळे होऊ द्या. ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरतो तो उभं राहून बघा, पाखरं हजारो किलोमीटरवरून येतात आणि आमच्या कणसांवर ताव मारतात, शेतकऱ्याला त्यांचा वैताग आहेच पण थवा एकदम वळतो ना तेव्हा शिवी द्यायला उचललेला हातसुद्धा थांबतो.

आता मुद्द्याचं. यंदा सप्टेंबरात काय झालं ते तुमच्याच पेपरने रोज छापलंय, मांजरा-तेरणेच्या काठची सोयाबीन काढायच्या तोंडावर पाण्यात गेली, कित्येकांची वरची काळी मातीच वाहून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. परवा घरी येळवसचं बोलणं चाललेलं, पुतण्या म्हणाला, काकू अशा वर्षी आभार कशाचे मानायचे. त्याचं चुकलं नाही, बँकेचा हप्ता त्याच्या डोक्यावर आहे. पण मला 2016 च्या जानेवारीतली येळवस आठवली, त्याच वर्षीच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो दुष्काळ, रानात हिरवं म्हणून काही नव्हतं, नुसती ढेकळं. तेव्हाही सासूबाई आंबील घेऊन निघाल्या, मी म्हटलं आई शिंपायचं कशावर, पीक कुठाय, तर म्हणाल्या, ‘आगं ती उपाशी हाय, तिला आधी घास द्यावा.’ आणि वाकून ढेकळांवर शिंपडत गेल्या. त्या आता नाहीत. तेव्हापासून मला येळवस म्हणजे चांगल्या पिकाची पावती वाटत नाही, जेवू घालायचा दिवस वाटतो.

आणि म्हणूनच मागची तीन-चार वर्षं जे बघतेय त्याने जीव तुटतो. रानात गाड्यांची रांग, स्पीकर एवढा मोठा की शेजारच्या रानातलं बोलणं ऐकू येत नाही, आणि संध्याकाळी सगळे गेले की बांधावर डिस्पोजेबल ताटं, ग्लास, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. मागच्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आमचा सालगडी दोन पोती भरून वेचलं, तरी वाऱ्याने हरभऱ्यात गेलेलं राहिलंच, कोळपताना सापडत होतं. उष्टी ताटं जनावरं चघळतात, प्लास्टिक पोटात राहतं. ज्या मातीपुढे हात जोडले तिच्याच तोंडात हे कोंबायचं का? पळसाच्या पत्रावळी अजून मिळतात, नाहीतर घरची ताटं न्या, राखेने घासून धुतली की झालं, पाणी एका घागरीत. यात पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

दुसरं बायकांचं. हे मी कितीतरी वर्षं मनात ठेवलंय. येळवसच्या आदल्या रात्री आमच्याकडे कोण झोपतं? भज्जी, उंडे, आंबील, आंबट भात, खीर, शेंगाच्या पोळ्या, तिळाच्या पोळ्या, धपाटे, सगळं पहाटे तीनला उठून, मग डोक्यावर घेऊन रान, मग पंगती वाढायच्या, आणि चार वाजता शेवटी बाया जेवायला बसतात तेव्हा ऊन कललेलं असतं आणि लेकरं घरी चला म्हणून मागे लागलेली. मी लग्नानंतर पहिली पंधरा वर्षं येळवसला पाठ टेकून झाडाखाली बसले नव्हते. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही फक्त भज्जी, भाकरी, उंडे आणि आंबील नेतो, गोड म्हणून गूळ, आणि भज्जीचे दाणे पुरुषांनी आदल्या संध्याकाळी सोलायचे. आधी कुरकुर झाली, आता माझे दीर स्वतःहून तुरीच्या शेंगा घेऊन बसतात. जमिनीने काही मागितलं नव्हतं हो आठ पदार्थांचं.

तिसरं म्हणजे बोलावणं. जुनी पद्धत अशी की रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं, ज्याला शेत नाही त्याला आवर्जून न्यायचं. ही पद्धत अजून आहे, पण आता ती बरीचशी ऑफिसातल्या साहेबांपुरती उरत चाललीय. ज्या बाईने तुमचं सोयाबीन खुरपलं, ज्याने चिखलात उभं राहून ते काढलं, तिचं आणि त्याचं कुटुंब तुमच्या कोपीपाशी पहिल्या पंगतीत आहे का, एवढं बघा. यंदा पुराने त्यांची रोजंदारी बुडाली, त्याची नुकसानभरपाई कुठल्याच यादीत येत नाही.

पुण्यात राहणाऱ्या आमच्या लातूरकर लेकरांना रजा मिळत नाही हे माहितीय. त्यांनी तिथेच एखाद्या टेकडीवर भज्जीचा डबा घेऊन जावं, झाडाच्या बुडाशी एक घास ठेवावा आणि गावाकडे फोन लावावा, आम्ही इकडून ओलगे ओलगे ऐकवतो.

आमचं रान निलंगा रोडला आहे. दिवस मावळताना आम्ही हेंडगा पेटवतो, कडब्याची ती मशाल घेऊन पुतण्या दरवर्षी कोपीभोवती पळतो, यंदाही पळेन म्हणालाय. रस्त्यावरून जाळ दिसला तर गाडी थांबवा, आंबील शिल्लक असते.

आपली,
एक वाचक, लातूर